नांगराची निशाणी

आत्या, तू होतीस तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, म्हणून हे सांगायचं राहून गेलं. मुलाची पाटी घेऊन मी अक्षरं गिरवली ती तू गेल्यावर. कोर्टात वकील तुझं मृत्युपत्र वाचून दाखवत होता आणि त्यात माझं नाव नेमकं कुठं आहे ते मला दिसत नव्हतं, त्याचा फार राग आला होता. मला राग आला की माझं काम झपाट्यानं होतं, असं तूच म्हणायचीस.

तो कागद लिहिला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. पोशीरच्या घराची मागची पडवी, तुझी वेगळी चूल, आणि मी भाकरी थापते आहे. नवरा गेल्यावर लेकराला घेऊन माहेरी आले त्याला वर्षही झालेलं नाही. वहिनी वाईट नव्हती, पण तिनं वाढलेल्या ताटावरून मी अर्धपोटी उठायचे. तुझ्या ते लक्षात आलं होतं. "पाव्हण्यावानी काय जेवतीस गं? आसं चोरून जेवायचं आसंल तर माज्या चुलीवर येत जा," म्हणून तू मला फैलावर घेतलंस आणि दुसऱ्याच दिवशी कर्जतहून कागद लिहिणाऱ्याला बोलावणं धाडलंस. तू तरुणपणी विधवा होऊन परत आलीस तेव्हा आजोबांनी ओढ्याकाठचं शेत तुझ्या नावे करून दिलं होतं. ते तू मला द्यायचं ठरवलं होतंस, मला न विचारता.

ज्याला सही येत नाही त्याच्या नावापुढे लिहिणारानं निशाणी काढायची आणि त्या माणसानं लेखणीला हात लावायचा, ही रीत. बाईची निशाणी बांगडी, कुणब्याची नांगर. लिहिणारा बांगडी काढायला वाकला, तर तू त्याचा हात धरलास.

"बांगडी नको. ती कवाच फुटली. नांगर काड."

"नांगर गड्यांची निशाणी हाय, आत्याबाई. उद्या कोन कायबाय बोलंल."

"बोलू दे. मी धरलाय तो."

त्यानं मान हलवत नांगर काढला आणि तू लेखणीला हात लावलास. मी बघत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली. त्याबद्दलही मला बोलणी बसलीच.

पुढच्या वर्षी भात झोडून झालं आणि तू गेलीस. दादानं दावा लावला. माझा भाऊ लबाड नव्हता, आत्या. आजोबांनी शेत तुला हयातीपुरतं दिलंय, तुझ्यामागं ते घरात परत येणार, असं तो लहानपणापासून धरून चालला होता. ते बहिणीला गेलं म्हणजे उद्या तिच्या मुलाला, दुसऱ्या कुळाला जाणार, हे त्याला सोसवेना. त्याच्या वकिलानं कागद उलटासुलटा करून नेमकं ते नांगराचं चित्र धरलं. ही निशाणी पुरुषाची आहे, म्हणजे हा कागद बाईनं केलेलाच नाही, कुणा गड्याकडून खोटा करून घेतलाय, असं तो म्हणाला. लिहिणारा खरं सांगत होता, पण तो आम्ही फितवलेला आहे असं म्हणून दादाचा वकील मोकळा झाला.

बाईनं नांगराला हात लावला की शिवाराला वाईट, असं गाव मानतं. म्हणूनच तू नांगर धरलास ते घराबाहेर कधी गेलं नव्हतं. त्या साली मी सासरी होते. गावात तापाची साथ, नांगराला गडी मिळेना, आणि बैलगाडीवरून पडून दादाचा हात मोडलेला. तू उजाडायच्या आत ऐनाच्या झाडांआड नांगर धरायचीस, तुझ्या शेतात आणि दादाच्याही. मला ते तुझ्याच तोंडून कळलं होतं, आणि ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही. डोळ्यांनी पाहिलेला माणूस तेवढा दादाच होता. शेत गेलं असतं तर मला लेकराला घेऊन पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागलं असतं.

आमच्या वकिलानं त्याला शपथेवर विचारलं, "तुमच्या आत्यानं कधी नांगर धरला होता?" दादानं नुसतं नाही म्हटलं असतं तर शेत त्याचं होतं. त्यानं पागोटं सारखं केलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"धरला व्हता," तो म्हणाला. "माजा हात मोडला व्हता. मी बांधावर बसून बैलांना आवाज देत व्हतो. तिनं नसता धरला तर त्या साली आमी काय खाल्लं असतं, सायेब?"

त्याचा वकील खाली बसला. निकाल माझ्या बाजूनं लागला. शेत मला मिळालं आणि गावाला हसायला दादा मिळाला. बाईच्या नांगरावर जगलेला म्हणून त्याला चिडवतात, आणि त्या साली कुणाकुणाची गुरं मेली तेही आता त्याच्याच माथी मारतात. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. भाऊबीजेला मी ताट करून ठेवते आणि संध्याकाळी ओवाळायचा दिवा चंद्राला दाखवते.

शेताच्या बांधाशी मी घर बांधलंय. भाताच्या रोपांसाठी राब मी भाजते, लावणीला रोपं मी खणते, आणि माझ्या चुलीवर पोटभर जेवते. मुलगा आत्ताच नेरळला टपाल टाकायला गेला. "आये, तुजंबी दे की, कुनाला लिवलंस?" म्हणून विचारत होता. मी कागद पदराखाली धरला होता.

दादासाठी अर्धं शेत सोडून देईन, असं मी चारचौघांत म्हणते आणि बाया माझं कौतुक करतात. तुझ्याशी खोटं बोलून काय करू? मी त्यातलं एक खाचरही देणार नाही. रोज वाट बघते मी त्याची, पण उद्या दादा खरंच दारात उभा राहिला, तर शेत मागायलाच आला असेल ही भीती मला आधी वाटेल, आणि तो आला याचा आनंद मागाहून.