दोनशे एकोणतीसवाली

अण्णा, आमच्या इमारतीच्या फाटकाने माझ्यावर घोर अन्याय केला आहे. आजवर बंगळुरात, आपल्या बसवनगुडीत, कडी काढून घरात जाता येत असे. आता बटणं आहेत, आणि सात आकडे दाबेपर्यंत माणसाला कोथिंबिरीची जुडी घेऊन रस्त्यावर उभं ठेवतात. समितीने तीन बैठका घेऊन सगळ्यांच्या लक्षात राहील असा नंबर निवडला. "सिंपल, अक्का," वॉचमन म्हणाला, "सात बार एक." अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तुमचाच आकडा. माझं डोकं सणकलं.

मी दहा वर्षांची. सगळी गल्ली भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेला निघाली आहे, आईने चपला घातल्या आहेत, आणि तुम्ही पाटीवर सात एक लिहून ती माझ्यापुढे ठेवता. "ही मूळ संख्या आहे का सांग, मग ये." म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही का, ते बघायचं. तीन, सात, अकरा, तेरा. पाटीवर भागायचं, बाकी उरली की वहीत त्या आकड्यापुढे फुली. संध्याकाळी तुम्ही शेंगा सोलत वही पाहिलीत. दोनशे एकोणतीसपर्यंत फुल्या, खाली माझं ठाम उत्तर: मूळ संख्या. "दोनच पायऱ्या राहिल्या होत्या," तुम्ही म्हणालात. "दोनशे एकोणचाळीसने भाग जातो."

तिथे संपवलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी इंजिनिअरिंग सोडलं: "पुन्हा दोनशे एकोणतीसला उठलीस." लग्न मोडलं, तेव्हाही तेच. पाहुण्यांना मुलीची ओळख करून देताना, "ही आमची दोनशे एकोणतीसवाली." पाहुणे हसत. लोकांना टोचून हसवण्यावर मी पुढे पोट भरलं, ते शिक्षण घरचंच. आणि कॉलेजात कळलं, की सात एकांच्या या आकड्याला फक्त चौदाने भागून एक उरणाऱ्या मूळ संख्यांनीच भाग जाऊ शकतो. दोनशे एकोणचाळीसपर्यंत अशा आठच आहेत. आठ भागाकार, अण्णा. अर्ध्या तासात जत्रेला पोचले असते. तुम्हाला विचारलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणालात, "माहीत होतं. तुला बसायची सवय लागायला हवी होती." सवय लागली नाही. राग मात्र लागला, तुम्ही गेल्यावरही सुटला नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. सत्त्याण्णवपर्यंत मी खरंच भागलं होतं. एकशे एकपासून पुढे एकही नाही. बाहेरचे ढोल ऐकत नुसत्या फुल्या मारत गेले, पान संपलं तिथे थांबले. म्हणजे ज्या पायरीवरून तुम्ही मला जन्मभर टोचलंत, तिथवरही मी पोचले नव्हते.

आज कोथिंबीर ओट्यावर टाकली आणि पेन्सिल घेऊन बसले. आठांची पळवाट पाठ आहे, वापरली नाही. एकशे एकपासून एकेक घेतला, सत्तावीस भागाकार. दोनशे एकोणतीसला तीन उरले. पाय अवघडले होते, पण उठले नाही. दोनशे तेहेतीसला एकशे सदुसष्ट. मग शून्य.