चढवलेला सूर

ता. ६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. रेकॉर्ड तू तीन टॉवेलांत गुंडाळली होतीस. त्यातला एक दमट होता, तो वाळत घातला आहे.

आमची कंपनी फंक आणि सोल या पाश्चात्त्य ढंगांची विसरलेली गाणी पुन्हा विनाइलच्या तबकड्यांवर काढते, आणि या खेपेस त्यात माझी आत्या आहे, याचा मी ऑफिसात जरुरीपेक्षा जास्त तोरा मिरवते आहे. झालरीच्या झग्यातला तुझा कव्हरवरचा फोटो सगळ्यांना आवडला. मूळ टेप भिजून गेली म्हणतेस, तेव्हा रेकॉर्डवरूनच काम करते.

एक अडचण आहे. जुन्या ध्वनिमुद्रणात गाण्याखाली विजेची बारीक गुणगुण असते. तिचा सूर ठरलेला असतो. तुझ्या रेकॉर्डवर तो चढा लागतो. आधी टर्नटेबलवर संशय घेतला, पण ते ठीक आहे. म्हणजे तेव्हा गाणंच जादा वेगाने पळवलं आहे. गुणगुण जागेवर आणली की गाणं संथ होतं आणि आवाज खाली येतो. भरलेला, ठसठशीत. तुझा वाटत नाही. तेव्हा काय झालं होतं, आठवतं का?

गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी मोजपट्टी


ता. १३ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

गाणं ऐकायचं असतं बाई, मापायचं नसतं. लहानपणी माझ्या आणि तुझ्या ग्लासातलं दूध सारखं आहे का, ते तू डोळा लावून बघायचीस. खोड काही गेली नाही.

अगं, त्या दिवशी मला सर्दी झाली होती. घसा पार बसलेला. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने काहीतरी खटपट करून आवाज तरुण केला, एवढंच. लोकांच्या कानात जे बसलंय तेच राहू दे. तुमच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमासाठी मी नवे बूट घेतलेत. गुडघा कुरकुरला तरी उभी राहीन.

जेवणाची आबाळ करू नकोस. आत्यावर लोभ आहेच, तो वाढव.

तुझी आत्या


ता. २० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सर्दीत ‘म’ आणि ‘न’ नाकात अडकतात. या गाण्यात ते मोकळे आहेत.

मी त्यातली एक ओळ माइकवर गायले आणि माझी ओळ व संथ केलेल्या रेकॉर्डवरची ओळ एकापाठोपाठ लावल्या. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, की मी एकच ओळ दोनदा का गायले.

फोनवर माझा आवाज ऐकला की बाबा मला पुन्हा बोलायला लावायचे. आईसारखा आहे, एवढंच म्हणायचे. मी चालू लागायच्या आधी ती गेली. तिचा आवाज कुठे साठवलेला आहे का, हे मी तुला कितीदा विचारलं. तू नाही म्हणालीस. आणि मग मला झोप यावी म्हणून हेच गाणं लावलंस.

कोण गायलं आहे? एका शब्दात लिही. लेबल छपाईला जायचं आहे.

उत्तर येईपर्यंत लोभ असू दे.

मोजपट्टी


ता. २८ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी.

एक शब्द झाला. आता बाकीचे ऐक. ती स्टेजला घाबरायची, त्यात तू पोटात. मी दिसायला बरी होते, नाचायचे. मालक म्हणाला, फोटोतल्या पोरीला हा आवाज शोभत नाही, म्हणून गाणं पळवलं. पुढे ती गेली आणि गाणं चाललं. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, काय गाता हो. आधी मी गप्प राहायचे, मग थँक्यू म्हणू लागले. तुला सांगायचं रोज ठरवायचे. पण तू शाळेत ‘माझी गाणारी आत्या’ म्हणून मिरवायचीस. तेवढीच काय ती मी कोणीतरी होते.

टेप भिजलेली नाही. ट्रंकेत होती, पाठवते आहे. मी ती पुन्हा कधी लावली नाही. माझं नाव राहू दे गं. तिला आता काय फरक पडतो?

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

आत्या


ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

टेप पोचली. या वेळी टॉवेल नव्हते. तरी ती उत्तम आहे. गुणगुण जागेवर आहे.

गाणं सुरू व्हायच्या आधीचं बोलणं कोणी कापलेलं नाही. आई हसते. मग वन्सं म्हणून तुला हाक मारते आणि सांगते, की फोटो तुमचा एकटीचा चालेल, नावं मात्र दोघींची घाला, उद्या पोर विचारेल. तू हो म्हणतेस. जराही न थांबता म्हणतेस.

ते मी किती वेळा ऐकलं, हे मोजलं नाही.

लेबल छपाईला गेलं. नावं दोघींची आहेत, आईने सांगितलं होतं तशी. आवाज तिचा, नाच तुझा. गाणं खऱ्या वेगाने जाईल. प्रकाशनाला यायचं की नाही, ते तू ठरव. बूट घेतलेच आहेस.

तुझा दमट टॉवेल वाळला. तिन्ही घड्या घालून पाठवले आहेत.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

तुझ्या वहिनीची मुलगी