गावठी डुकरातला एक उडता तुकडा

३ जाने.
गाइड सरांचा फोन. माझ्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण काढून टाक म्हणे. डुकराच्या डीएनएत सारखेच तुकडे लाखोंनी. काही तर स्वतःची नक्कल काढून दुसऱ्या जागी जाऊन बसणारे. असा एक तुकडा मला वडीगोद्री गावातल्या गावठी मादीत सापडला, विलायती डुकरात त्या जागी तो न्हाई. त्यावरच ते प्रकरण.
"सारखे तुकडे जोडताना कॉम्प्युटर फसतो, सुजाता. भास असेल."
"भास पिल्लात उतरत न्हाई, सर. पिल्लं तपासते."
महिनाअखेरपर्यंत वेळ दिला. बास झाला.

४ जाने.
बाबा रिटायर मास्तर. "आपल्या मस्तगडात गल्लीतले लोक विचारतात, गुरुजींची पोरगी डुकरांमागं का हिंडते?"
"सांगा, पीएच.डी. करून राह्यली."
मंग जेवताना त्यांनीच विचारलं, "तुझे ते उडते तुकडे आपल्यात बी असतात का?"
"निम्मे आपण तेच आहोत, बाबा."
घास हातातच राह्यला.

६ जाने.
वडीगोद्रीला गेल्ते. बाबा स्कूटर काढून बरोबर! मादीची मालकीण रुख्मिणमावशी. म्हणाल्या, "मादी इकली. उद्या सकाळी गाडी येती."
म्हटलं, "मंग आत्ताच केस घेते, मुळासकट. तिचे अन् पिल्लांचे."
"धरील कोण? आमचा माणूस बाजारला गेलाय."
बाबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारल्या.
"गुरुजी, घट धरा! सोडलं की गेली!"
बाबा चिखलात बसले. सोडलं न्हाई. परतताना स्कूटरवर एकटेच हसत होते. कितीतरी दिवसांनी.

९ जाने.
कॉलेजच्या लॅबमध्ये केसांच्या मुळांतला डीएनए काढून जेल चालवलं; त्यावर डीएनएच्या पट्ट्या पडतात. तुकडा असला की पट्टी वर दिसते, नसला की खाली. आईत दोन्ही, म्हणजे तिच्या डीएनएच्या दोन प्रतींपैकी एकीतच तुकडा. पिल्लांत काहींना वरची आहे, काहींना न्हाई. बिलकुल आईकडून उतरल्यासारखं. सरांना फोटो. उत्तर: "प्रकरण प्रबंधात ठेव."
बस्स!! बाबांनी फोटो शेजारच्या काकांना दाखवला. समजावून सांगत होते, निम्मं चुकीचं. मी मधे बोलले न्हाई.

१२ जाने.
डीएनएतली दुसरी एक जागा सहज तपासली. एका पांढऱ्या पायाच्या पिल्लात तुकडा आहे, आईत न्हाई. दोनदा चालवलं. तेच.
बापाकडून आला? का याच पिल्लात नव्यानं उडी... सरांना इतक्यात न्हाई सांगत.
मावशींना फोन केला. बाप कोणता?
हसू आवरेना त्यांना. "अगं बाई, नर मोकळे! आसपासची सगळी गावं हिंडतेत. कुणाचं नाव सांगू?"
म्हटलं, जेवढे दिसतील तेवढ्यांचे केस घेते. सोमवारी निघतो. बाबा जुना शर्ट शोधून राह्यले.