अनीशच्या खिडकीचे दोन पडदे

सौ. नीलिमाताई विहीणबाईंना, इस्लामपूरच्या पण सध्या डब्लिनात ओंगारला लेकाकडे मुक्कामी असलेल्या नंदाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा असेल तर डाव्याचं कळवा.) हेमचंद्ररावांची साखर आटोक्यात आहे असं स्वरांगी म्हणाली, पण लेकी बापाचं चांगलंच तेवढं सांगतात, तेव्हा खरं काय ते तुम्ही लिहा. इकडे सगळी खुशाल. तुमची लेक सुखात आहे, माझा लेक तिच्या धाकात आहे, म्हणजे तोही सुखातच, आणि दोन्ही नातवंडं दूध नको म्हणतात तरी चप्पल दर दोन महिन्यांनी लहान होते.

तुम्ही म्हणाल, फोन असताना या बाईला पत्र कुठून सुचलं. तर ताई, या घरात फोन कानाला कुणी लावतच नाही, सगळं स्पीकरवर. मी इकडून काही खासगी म्हणावं तर भांडी घासणाऱ्याला ऐकू, जिन्यात बसलेल्या पोराला ऐकू. म्हणून केदारच्या ऑफिसातला विशाल पुण्याला निघालाय त्याच्या हाती हे देते आहे. पाकीट डिंकानं चिकटवलंय आणि वरून चिकटपट्टीही मारली आहे. (विशालवर अविश्वास नाही, पण पोरगं विमानात मोकळंच बसणार.) मी चौथीपर्यंत शिकलेली, तुम्ही बँकेत जन्म काढलेल्या, तेव्हा अक्षराला खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट आपल्या खोलीची आहे. आपल्या म्हणजे तुमच्या-माझ्या. जिन्याच्या डोक्यावरची ती चिमुकली खोली, जिला ही माणसं बॉक्सरूम म्हणतात आणि नाव अगदी योग्य आहे, कारण बॅग उघडायची तर आधी आपण बाहेर यायचं. हे घर घेतल्यापासून तीन महिने तुम्ही तिथं राहता आणि घरी जाता, मग पुढच्या खेपेला तीन महिने मी. एक खाट, म्हणून पाळी. तुमच्या अंबाड्याच्या पिना मला गादीखाली सापडतात, माझी मिश्रीची डबी तुम्हाला खिडकीत सापडली होती (फेकली नाहीत, उपकार आहेत), पण या घरात आपण एकमेकींना कधी पाहिलेलंच नाही. नुसत्या खुणा सापडतात. तर ती खोली जायची वेळ आली होती.

झालं असं, की मे महिना लागला आणि इथला दिवस संपेना. तुम्ही पावसाळा सरता येता, तुम्हाला हे दिसत नाही. रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर आपल्याकडच्या चारसारखं ऊन. पोरं झोपायची कशी? श्रावणी आता मोठी झाली, नऊ पूर्ण, तिला त्या उजेडात वाचायचं असतं, अनीशला काळोख हवा असतो, आणि दोघांची खोली एक. रोज भांडण. ती मराठीत काही बोलत नाहीत पण भांडण कळायला भाषा लागत नाही. शेवटी केदार आणि स्वरांगीनं ठरवलं की अनीशला बॉक्सरूम द्यायची, दोन्ही खोल्यांना रंग द्यायचा, खिडक्यांना नवे पडदे करायचे, आणि सगळं कमी खर्चात, कारण घराचा हप्ता. आजी आली तर खाली बैठकीतल्या उलगडत्या सोफ्यावर झोपेल. हे मला हसत सांगितलं, मीही हसत ऐकलं. पण ताई, तो सोफा तुम्ही पाहिला आहे. त्याच्या मधल्या दांड्यावर पाठ टेकली की तीन महिन्यांचा व्हिसा तीन दिवसांत पुरे वाटेल. आणि एकदा पाहुणा बैठकीत झोपायला लागला की घरच्यांना त्याच्या परतीच्या तारखेची आठवण जरा लवकर येते, हे आपण दोघी काही नव्यानं शिकायला नको.

म्हणून मी मनात एक डाव रचला. पोरांची आहे तीच खोली इतकी झकास आणि इतकी काळोखी करायची, की दोघांतलं कुणी ती सोडायचं नाव काढू नये. मी म्हटलं, रंगाचं आणि पडद्याचं मी बघते, तुम्ही कामावर जा. स्वरांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. (तिला वाटलं सासू मदत करते आहे. करतच होते म्हणा.)

आधी रंग. इथल्या दुकानात एका कोपऱ्यात, लोकांनी नको म्हणून परत केलेले रंगाचे डबे निम्म्या दरात ठेवलेले असतात. श्रावणीला जांभळी छटा हवी होती, ती तिथं नव्हती, पण एक गुलाबी डबा होता आणि एक निळा. मी म्हटलं, त्यात काय, दोन्ही एकत्र करू, आयुष्यभर मी दुसरं काय केलं? बादलीत कालवला तेव्हा सुरेख जांभळा दिसत होता. भिंतीवर वाळला आणि सोलकढी झाला. हुबेहूब, ताई. कोथिंबीर तेवढी कमी होती. श्रावणी दारात उभी राहिली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी." आता हा ग्रँड शब्द इथे मोठा फसवा आहे. चहा चांगला झाला तरी ग्रँड, पाय मुरगळला तरी ग्रँड. पोरीच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हा मुरगळलेला ग्रँड आहे.

मग पडदा. काळोख करणारे तयार पडदे फार महाग, आणि ते नुसते कापड, त्यात काही जीव नाही. मी म्हटलं, गोधडी शिवते आणि तीच खिडकीला टांगते, उजेड काय, गारठासुद्धा आत यायचा नाही. जुनी साडी माझ्या बॅगेत होतीच. आणखी कापड हवं म्हणून जिन्याजवळचं ते गरम पाण्याच्या टाकीचं कपाट उघडलं, ज्यात ही मंडळी चादरी-टॉवेल उबेला ठेवतात आणि ज्याला हॉट प्रेस म्हणतात. तिथं अगदी मागे एक साड्यांचं गाठोडं मिळालं. (कुणाचं ते पुढे सांगते.) मधल्या थराला केदारची दोन जुनी ब्लँकेटं घातली. शेजारच्या ब्रेडाबाईंनी शिलाई मशीन दिलं. ब्रेडाबाई आपल्याच वयाच्या, एकट्या राहतात, हवापाण्यावर तासभर बोलतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि माझं त्यांना, त्यामुळे आमचं फार जमतं. मी सुईत दोरा ओवायला देते, त्या मला बिस्किट देतात. कडा मशीनवर मारल्या, मधे हातानं धावदोरा घातला. अशी गोधडी झाली की तिच्याखाली तीन पैलवान निवांत झोपावेत.

केदारनं ड्रिल आणून दांडा बसवला. मी विचारलं, भिंत भक्कम आहे ना? तर म्हणाला, आई, हा काही आपला इस्लामपूरचा दगड नाही, पण चालतं. मी बोट वाकवून ठोकून पाहिलं तर भिंत ढोलकीसारखी वाजली. आतून पोकळ. मी दांडा धरून उभी राहिले, इंजिनियर तो आहे. पडदा लावला आणि ताई, काय सांगू, बाहेर लख्ख ऊन आणि खोलीत अमावास्या. दोन्ही पोरं पडल्या पडल्या झोपली. श्रावणी पांघरुणात बॅटरी घेऊन वाचत होती पण भांडण नव्हतं. मी आपल्या खोलीत आले, खाटेवर हात फिरवला आणि म्हटलं, वाचलीस गं.

सकाळी अनीशला पडदा उघडायचा होता. सरकवायचा म्हटलं तर तो गाडीसारखा ढकलावा लागत होता, म्हणून तो त्याला लोंबकळला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दांडा, खिळे, गोधडी आणि ओंजळभर भिंत असं सगळं त्याच्यावर आलं. मी धावत वर गेले तर जमिनीवर नुसता ढीग, आणि ढिगाच्या आतून हसू. गोधडीच इतकी जाड की पोराला खरचटलंसुद्धा नाही. भिंतीला मात्र असं भोक पडलं की त्यातून तांब्या आत जावा. आवाज ऐकून ब्रेडाबाई आल्या, भोकाकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, ग्रँड.

आता त्या धुळीत पोरं झोपणार कुठं? श्रावणी आईबापाच्या खोलीत गादी टाकून झोपली आणि अनीश आला माझ्यापाशी, आपल्या बॉक्सरूममध्ये. तिथं तो मेल्यासारखा झोपला. (लाथा मारत होता, पण झोपेत.) केदार म्हणाला, बघ, इथं छान झोपतो, आता याच आठवड्यात त्याची खाट इथं लावून टाकू. म्हणजे मी जे टाळायला एवढी गोधडी शिवली, तेच गोधडीनं घडवून आणलं. मी म्हटलं, चालेल. आपलं वयच चालेल म्हणायचं आहे. आणि पिशवीत मिश्रीची डबी, पोथी, चष्मा भरायला घेतला.

शनिवारी केदार टेप घेऊन खोली मोजायला आला. स्वरांगी खिडकीची चौकट पुसत होती, श्रावणी दारात पुस्तक घेऊन. अनीशनं बापाला विचारलं, आजी कुठं झोपणार? एवढं इंग्रजी आता मला कळतं. केदार म्हणाला, खाली. तर पोरानं खाटेवर बसकण मारली, टेपचं टोक धरून ठेवलं आणि म्हणाला, "नो. इट्स द आजीज् रूम. आय ॲम ओन्ली माइंडिंग इट."

मला शेवटचं कळलं नाही. मी श्रावणीकडे पाहिलं. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "तो म्हणतो, खोली आज्यांची आहे. तो फक्त सांभाळतो. तुम्ही दोघी नसता तेव्हा."

बघा, पाच वर्षांचं पोर. आपण समजत होतो आपण पाहुण्या, आणि तो आपला राखणदार निघाला. (आणि ती पोरगी, जी कधी मराठीत तोंड उघडत नाही, तिनं एक शब्द चुकवला नाही.) केदारनं टेप गुंडाळला. स्वरांगी फडकं घेऊन बाथरूमकडे गेली आणि नळ बराच वेळ चालू होता. माझं काय झालं ते लिहीत नाही, तुम्ही लोकांना सांगाल.

मग सगळं सोपं झालं. डंडॉक गावच्या एका कुटुंबानं जुनी खाट विकायला काढली होती, खालून ड्रॉवरसारखी आणखी एक खाट बाहेर सरकते अशी. केदार जाऊन गाडीवर बांधून घेऊन आला. रात्री अनीश खालच्यावर, मी वरच्यावर, दिवसा खालची आत. पोरांच्या खोलीतलं भोक बुजवलं आणि सोलकढी भिंतीवर श्रावणीनं स्वतः पांढरे ठिपके काढले, आता म्हणते खरंच ग्रँड. गोधडी मी उसवली, ब्लँकेटं काढून टाकली आणि बॉक्सरूमच्या छोट्या खिडकीला दोन हलके पडदे केले, एक डावीकडे, एक उजवीकडे. गंमत अशी की उजवा पडदा अगदी गच्च काळोख करतो आणि डाव्यातून झिरझिर उजेड येतो. त्याचंही कारण आहे. पण पान संपत आलं आणि विशालची टॅक्सी यायची वेळ झाली, म्हणून इथंच थांबते. हेमचंद्ररावांना गोड कमी खायला सांगा, ऐकणार नाहीत तरी सांगा.

तुमची विहीण,
नंदा

ता. क. गाठोडं तुमचं होतं. पुढच्या खेपेला ओझं नको म्हणून तुम्ही ठेवून गेला होतात ते. मला वाटलं स्वरांगीच्या टाकाऊ साड्या आहेत, आणि मोरपंखीवर कात्री चालवली. चालवल्यावर पदराच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट दिसलं. ताई, ती पोरांच्या लग्नात मी तुम्हाला दिलेली मानाची साडी. माझं काळीज हललं, तुमची साडी कापली म्हणून. मग नीट पाहिलं तर तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती, दुकानाची चिठ्ठी आत तशीच. मग जरा बरं वाटलं. उजवा पडदा तो, अजून कोराकरकरीत, म्हणून काळोख गच्च. डावा म्हणजे तुम्ही मला दिलेली अंजिरी, नेसून नेसून जाळी झालेली, म्हणून उजेड येतो. मी कुणाला काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, फिटंफाट.

ता. क. दुसरा. खरं लिहायचं ते हे. माझा व्हिसा जुलैअखेर संपतो आणि तुमची पाळी सप्टेंबरात. या खेपेला तुम्ही जुलैच्या मध्यालाच या. आता खाटा दोन आहेत, पाळीची गरज उरली नाही. अनीशला विचारलं, तो तेवढे दिवस बहिणीच्या खोलीत जायला तयार आहे, राखणदार म्हणून सकाळी एकदा येऊन बघून जाईन म्हणाला. फोनवर हे बोलले असते तर पोरांनी लगेच तिकिटांचे दर काढले असते आणि तुम्ही भिडेनं नाही म्हणाला असता. खालच्या खाटेवर कोण झोपायचं ते तुमचा गुडघा आणि माझी कंबर मिळून ठरवतील. मी घोरते, आधीच सांगते.

ता. क. तिसरा. येताना माझ्यासाठी साडी आणू नका. आणणारच असाल तर जाड पोताची आणा, श्रावणीची खिडकी मोठी आहे.