जावेचं मीठ

उंब्रज,
श्रावण, १९७४

तीर्थस्वरूप आक्कांस,

धाकट्या साळूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे हिंडते-फिरते आहेत, बाळू सोडून. त्याच्यासाठीच हे पत्र. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? (उत्तरात खोकल्यावरच पान भरवू नकोस.)

बाळू दीड वर्षाचा झाला. रांगतो. चालत नाही, बोलत नाही. एरवी मी धीर धरला असता, पण ओटीच्या पलीकडच्या चुलीवर माझी जाऊ अंजना आहे, आणि तिची सुली बाळूपेक्षा धाकटी असून ओटीभर पळते. म्हशीला नावानं हाक मारते. आल्यागेल्याला 'बसा' म्हणते. पाहुणे सुलीकडे बघतात, मग बाळूकडे, मग माझ्याकडे, आणि चहा पितात. अंजना यावर एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

या सगळ्याच्या मुळाशी मीठ आहे असं कळलं. तिचे मालक, म्हणजे आमचे नाथाजी भावोजी, पलटणीबरोबर कांगड्याकडे असतात. तिकडच्या डोंगरात अन्नात आयोडीन नसतं म्हणे. त्यानं बायकांच्या गळ्याला गाठी येतात आणि काही पोरं मंद, मुकी निपजतात. म्हणून सरकार तिथं मिठाला आयोडीन लावून देतं. अंजनाला दिवस गेल्यापासून भावोजी प्रत्येक रजेला ते मीठ आणतात. (मला दिवस गेले तेव्हा आमच्या यांनी मिरजेहून चपला आणल्या. एक घट्ट होती.)

अंजना स्वतःहून म्हणाली, "न्या की जाऊबाई वाटीभर, पोरासाठी." पण आक्का, तुला आपली रीत ठाऊक आहे. ज्याचं मीठ पोटात गेलं त्याच्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही. आणि मला तर पाटाच्या पाण्यावरून उघडायचं होतं. म्हणून मी तिच्या उंबऱ्यावर गुळाचा खडा ठेवला आणि तेवढ्याच वजनाचं मीठ उचललं. मोल दिलेलं मीठ कुणाचं नसतं. ती हसली आणि वर एक ओंजळ घातली. त्याचाही मला राग आला.

घरी आणून, आईनं शिकवल्याप्रमाणे, ते चाळणीत घालून खळखळून धुतलं आणि पत्र्यावर उन्हात वाळवलं. खडे काचेसारखे झाले. अंजना तेच मीठ न धुता वापरते, हे बघून फार बरं वाटलं. बाळूच्या भातात मी दुप्पट घातलं. तो तांब्या-तांब्या पाणी प्यायला, घरातल्या सगळ्या वाकळा भिजवल्या, आणि रांगत राहिला.

शेवटी कराडला डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पाय वाकवून पाहिले, कानाशी टाळी वाजवली, पोर चांगलं आहे म्हणाले, काही मुलं उशिरा चालतात. मी मिठाचं सांगितलं, धुण्यासकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, औषध मिठाच्या अंगावर असतं. ते तुम्ही मोरीत ओतलंत." मग बजावलं, मीठ वाढवू नका, नेहमीएवढंच घाला, पण धुऊ नका, झाकून ठेवा, चुलीपासून लांब. अंगावर पाजता तर तुम्हीही तेच खा. दूध-अंडी द्या, त्यातही थोडं असतं. आमच्या मोरीतले बेडूक आता शहाणे झाले असतील.

तुझी,
साळू

ता. क. तुझा लेक मानसिंग पठाणकोटहून (कांगड्याला लागूनच आहे म्हणे) दिवाळीला येईल तेव्हा त्याला त्या मिठाची मोठी पिशवी आणायला सांग. माहेरच्या माणसाचं मीठ मला चालतं. अंजनाला कळू देऊ नकोस.

ता. क. पत्र चिकटवायचं राहिलं होतं तोवर आज मी मळ्यातून लवकर परतले. बाळू ओटीवरच्या खांबाला धरून उभा राहिला, खांब सोडला, आणि चालला. माझ्याकडे नाही. अंजनाच्या ताटाकडे. तिनं वर न बघता त्याला घास दिला. मी विचारलं तर म्हणाली, "रोजच येतोय की. तुमी मळ्यात गेला की रांगत यायचा. सुलीच्या ताटातलं खातो, लय आवडीनं." म्हणजे कित्येक महिने पोर तिचंच मीठ खातंय.

तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या धोंडुबाईंना विचारून कळव. पोरानं मीठ खाल्लं तर आईचंही तोंड बंद होतं का? पाटाच्या पाण्यावरून माझं एक चांगलं भांडण तयार आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मी गप्प आहे, आणि अंजनाला वाटतंय मी सुधारले.