तिचा तास

आई, आज तुझ्याशी भांडायचंय. तू मनोविश्लेषक. वर्ध्याच्या आपल्या घरातली समोरची खोली तुझ्या पेशंटची, मागचं स्वयंपाकघर आपलं. सहावीत असताना मला ताप चढला म्हणून मी मधलं दार ढकललं. दिवाणावर एक बाई डोळे मिटून पडलेली, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. तू खुर्चीतून उठलीही नाहीस. "बाहेर थांब. हा तास तिचा आहे." मी ओट्याला टेकून उभी आहे आणि आतून तुझा आवाज येतोय, इतका मऊ, की तो तुझाच आहे हे मला खरं वाटत नाही. नंतर तू माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यास, पेज भरवलीस. पण तो आवाज माझ्यासाठी कधी निघाला नाही.

तुझं पुस्तक आलं तेव्हा मी त्यात आधी स्वतःला शोधलं. कुठेच नव्हते. ती बाई मात्र होती. नाव-गाव बदललेलं, पण पदरातले हात तेच. अख्खं प्रकरण तिच्यावर. ती यायची त्या दिवशी सकाळपासून तुझे कान फाटकाकडे असायचे, असं लिहिलंयस.

गेल्या आठवड्यात देवळी गावातल्या माझ्या बियाण्यांच्या दुकानात एक म्हातारी मेथीचं बी घ्यायला आली. हात मोकळे होते, म्हणून मी ओळखलं नाही. तिनेच भिंतीवरचा तुझा फोटो ओळखला.

"ह्या त माह्या डॉक्टरीणबाई! तुमी कोन त्याईच्या?"

"मुलगी."

ती बघतच राहिली. "म्हंजे तवा दार उघडलं थे तुमीच! लय जळत होती मी तुमच्यावर. मले हप्त्यातून एकच तास. तुमाले त त्या रोज होत्या."

"रोज नव्हती," मी म्हटलं. तिला वाटलं, मी गंमत करतेय. ती हसली. मग हळूच विचारलं, "माह्यावर काई लिवलं काय त्याईनं?"

पुस्तक गल्ल्याखालच्या खणातच होतं.

"नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. बी पिशवीत टाकलं, "येतो माय" म्हणाली आणि स्टँडकडे गेली.

पेशंटची ओळख फोडायची नाही हा तुझा नियम मी पाळला, असं तेव्हापासून स्वतःला सांगतेय. तू असतीस तर लगेच पकडलं असतंस. नियमबियम काही नव्हतं, आई. तिला तुझं आधीच पुष्कळ मिळालंय. आणखी द्यावंसं वाटलं नाही.