अकरमच्या इंजिनाचा बझर

११ एप्रिल, शुक्रवार
अकरमचं बोटीचं इंजिन आज कळंबहून टेंपोने आलं. माझा धाकटा भाऊ जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून ते, तो जिथे पाहुण्यांना बोटीतून फिरवायचा त्या रिसॉर्टच्या शेडमध्ये पडून होतं. बुधवारी त्याच्या बायकोची, हुस्नबानोची, विधवेने घरात राहायची इद्दत संपली आणि तिचा पहिला निरोप हाच— "भाई, इंजिन दुरुस्त करून द्या. तलावावरची बोट आता मी चालवीन."
झाकण उघडायला हात धजेना. आणि खोपोलीत लोक मला इंजिनांचा डॉक्टर म्हणतात!

१२ एप्रिल
झाकण काढलं. बझरची वायर तोडलेली!
म्हणजे त्या दिवशी इंजिन तापलं, पण ओरडलंच नाही. भर तलावात बंद पडलं. वारा सुटलेला, बोटीत सहा पाहुणे. अकरमने एकट्याने वल्ही मारत सगळ्यांना काठाला आणलं. मग छाती धरून खाली बसला तो बसलाच.
गाढवा, का तोडलीस? बझर वाजला असता तर वेळीच मागे फिरला असतास! रडू आलं की राग येतो, राग आला की पुन्हा रडू. दुपारीच गॅरेज बंद केलं.

१३ एप्रिल
वायर जोडली, इंजिन पाण्याच्या पिंपात उतरवून सुरू केलं. पीं— पीं— पीं! थांबून थांबून वाजतोय म्हणजे ऑइल कमी. बघतो तर ऑइलची टाकी कोरडी, आणि पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळलेलं. श्रीवर्धनला अब्बा असंच करायचे, त्यांच्या जुन्या मशीनला तेच लागायचं. याला वेगळी टाकी आहे, हे तीनदा सांगितलं होतं मी. "अब्बांचं इंजिन कदी बंद पडलं काय, भाई?" म्हणायचा.
टाकी रिकामी, म्हणून बझर रोज कोकलायचा. वैतागून वायर तोडली असणार.

१४ एप्रिल
ऑइल भरलं. बझर गप्प. दहा मिनिटांनी सलग पीं——! हा तापल्याचा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात यायला हवी, ती नुसती ठिबकत होती. पंप खोलला— गाळाने रबरी पंख्याची पाती तुटलेली. एवढंसं रबर!
नवीन बसवलं. अर्धा तास चालवलं, आवाज नाही. धारेखाली हात धरून बसून राहिलो. तुझी फार आठवण येते रे, अकरम.

१५ एप्रिल
हुस्नबानो आली. इद्दतीनंतर पहिल्यांदाच समोर. किती वाळली आहे! डब्यात बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी.
टाकी दाखवली, दोन्ही आवाज ऐकवले. बोलता बोलता तोंडून गेलंच— "त्याने वायर तोडली नसती तर आज असता."
दोरी ओढून तिने स्वतः इंजिन सुरू केलं, तिसऱ्या झटक्याला. जाताना अकरमचा फोन माझ्या हातात ठेवला. "यात एक मेसेज हाय. मी कुनाला ऐकवला नाय. तुमी एकटेच ऐका, भाई."
आज धीर होत नाही.

१६ एप्रिल
ऐकला. नोव्हेंबरचा. आवाज माझा.
"डोकं नको खाऊ रे अकरम. बझरची वायर तोडून टाक. जुम्म्याला येऊन बघतो मी."
आठवतच नव्हतं मला. गेलोही नाही.